आपले प्रश्न : फुफ्फुसाचा कर्करोग एका जिल्ह्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी, असे का?

मागील अंकात या सदरात एका उत्तराच्या ओघात आम्ही लिहिले होते की, फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण भारतात सगळीकडे सारखे नाही आणि मिझोराममधील ऐझॉल जिल्हा या बाबतीत बराच पुढे आहे. त्या दोन-तीन ओळींवर नाशिक शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न एकत्र घेऊन या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून गंगापूर रोडला राहतो. देश एक, कायदे एक, बाजारात मिळणारी सिगारेटही एकच. मग ऐझॉलमध्ये हा रोग इतका आणि आपल्याकडे कमी, हे कसे? तेथील लोकांच्या रक्तातच काही वेगळे असते काय?

उत्तर : आधी आकडे पाहू. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ या काळाच्या अहवालानुसार ऐझॉल जिल्ह्यात वर्षाला दर एक लाख पुरुषांमागे ३८.८ आणि दर एक लाख स्त्रियांमागे ३७.९ जणांना फुफ्फुसाचा कर्करोग होत होता. त्यानंतरच्या, म्हणजे २०१५ ते २०१९ या काळाच्या आकड्यांत पुरुषांमध्ये श्रीनगर जिल्हा ३९.५ या दराने सर्वांत वर दिसतो, तर स्त्रियांमध्ये ऐझॉलच ३३.७ या दराने पहिला आहे. मला यात सर्वांत बोलका वाटतो तो ऐझॉलमधील स्त्री आणि पुरुष यांच्या पहिल्या दोन आकड्यांमधला जवळजवळ नसलेला फरक. भारतात इतरत्र बहुतेक ठिकाणी पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या कितीतरी वर असते. जेथे हे अंतर पुसले जाते, तेथे स्त्री आणि पुरुष एकाच प्रकारचा धूर श्वासात घेत असले पाहिजेत, ही पहिली शंका यायला हवी.

ती शंका निराधार नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात मिझोराममध्ये १५ वर्षांवरील ३४.४ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले. तेथे घरगुती वळलेली स्थानिक सिगारेट ओढण्याची चाल जुनी असून स्त्रियांतही ती रूढ आहे. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. हा आकडा वाचून अनेकांना हायसे वाटते. परंतु त्याच्याच शेजारी दुसरा आकडा आहे, तो म्हणजे धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांचा, आणि तो महाराष्ट्रात २४.४ टक्के आहे. आपल्याकडची तंबाखू ओठांना लावायच्या आधी पेटवली जात नाही, एवढाच काय तो फरक. ती तळहातावर चुन्यासोबत मळली जाते, गालफडात धरली जाते, मिश्री म्हणून भाजून दातांना लावली जाते. त्यामुळे तिचा मार छातीवर कमी आणि तोंडावर जास्त बसतो. पश्चिम आणि मध्य भारतातील पुरुषांत तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे, तर महानगरांत आणि दक्षिणेत फुफ्फुसाचा. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत पुरुषांमधील तोंडाच्या कर्करोगाचा दर ३३.६ आहे. तेव्हा ‘महाराष्ट्रात फुफ्फुसाचा कर्करोग कमी’ हे वाक्य एकटे वाचू नये. त्याच्या डाव्या बाजूला तोंडाच्या कर्करोगाचा रकाना असतो, तोही वाचावा.

आता रक्ताचा प्रश्न. अनुवंशिकतेचा काहीच वाटा नाही असे कोणी म्हणणार नाही. धूम्रपान न करणाऱ्या काही रुग्णांच्या गाठीत विशिष्ट जनुकीय बदल आढळतात आणि त्यावर औषधेही निघाली आहेत. परंतु एकाच देशातील दोन प्रदेशांत काही पटींचा फरक असतो, तेव्हा आधी चूल, चिलीम आणि हवा पाहावी. याचे सर्वांत पटणारे उदाहरण चीनमधील युनान प्रांतातील श्वानवे या भागाचे आहे. तेथील स्त्रियांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू चीनमध्ये सर्वाधिकांत गणले जात होते आणि त्या स्त्रिया धूम्रपान जवळजवळ करतच नव्हत्या. तेथील घरांत खूप धूर करणारा दगडी कोळसा उघड्या चुलीवर जळत असे आणि धूर बाहेर जायला धुराडेच नव्हते. पुढे अनेक घरांनी धुराड्याच्या चुली बसवल्या. २१ हजारांहून अधिक शेतकऱ्यांचा अनेक वर्षांचा मागोवा घेणारा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा चूल बदललेल्या घरांतील स्त्री-पुरुषांत या रोगाचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक उतरलेले आढळले. माणसे तीच, गावे तीच, रक्तही तेच होते. भिंतीला एक धुराडे तेवढे नवे आले होते.

अमेरिकेतही असेच आहे. तंबाखूची शेती आणि सिगारेट ज्यांच्या अंगवळणी पडली होती त्या केंटकी राज्यात हा रोग देशात सर्वाधिक असतो, आणि धर्मश्रद्धेमुळे ज्यांतील बहुसंख्य लोक तंबाखूला शिवत नाहीत त्या यूटा राज्यात सर्वांत कमी. दोहोंतील फरक साधारण तिपटीचा आहे.

आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून आपल्याला विशेष पटेल. तंबाखूचा धूर आणि गाठ यांच्यामध्ये साधारण २० ते ३० वर्षांचे अंतर असते. म्हणून आज छापला जाणारा कर्करोगाचा नकाशा म्हणजे आपले विद्यार्थी शाळेत होते त्या काळच्या सवयींचा नकाशा होय. आज एखाद्या जिल्ह्यात महाविद्यालयाबाहेरच्या टपरीवर मुले काय ओढतात, ते त्यात अजून उमटलेलेच नाही.

प्रश्न : हे सगळे ऐझॉलचे झाले. नाशिक जिल्ह्याचा दर किती, तो का सांगत नाही? (सिडको येथील एक वाचक)

उत्तर : आपला रोष रास्त आहे. मी २०१२ ते २०१६ च्या ज्या अहवालाचा आधार घेत आहे, त्यात देशातील २८ लोकसंख्याधारित नोंदण्या आहेत. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी ग्रामीण या त्यात आहेत. नाशिक त्यात नाही. त्यामुळे त्या अहवालातून नाशिकचा दर काढताच येत नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला ‘हा दर कोणी मोजला?’ असे विचारावे.

येथे ‘लोकसंख्याधारित’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. रुग्णालयाची नोंदवही त्या दारातून आत आलेले रुग्ण मोजते. लोकसंख्येची नोंदवही ठरावीक भूभागात राहणारे सगळे रुग्ण मोजते, मग त्यांनी उपचार कोठेही घेतलेले असोत. आणि त्या भागात किमान एक वर्ष राहिलेल्यालाच तेथील रहिवासी धरते. पुष्कळांचा समज असा असतो की, बाहेरगावचे रुग्ण मुंबईला जातात म्हणून मुंबईचा दर फुगलेला असतो. तसे होत नाही. आपल्या सिडकोतील एखादा गृहस्थ मुंबईला तपासला गेला, तर मुंबईची नोंदवही त्याचा पत्ता पाहून त्याला बाजूला काढते. अडचण पुढे येते. ज्या जिल्ह्यात स्वतःची नोंदणी नाही, त्या जिल्ह्याचा तो माणूस मग कोणत्याच जिल्ह्याच्या दरात उरत नाही. रुग्णालयाच्या कागदावर तो असतो, उपचारही घेतो. परंतु ‘नाशिकमध्ये किती’ या प्रश्नाच्या उत्तरात त्याला जागा नसते.

शिक्षण संपल्यावर काही महिने मी एका नोंदणीच्या कामात होते. रुग्णालयांतून येणाऱ्या कार्डांवर पत्त्याच्या जागी बहुधा एकच शब्द असे : ‘नाशिक’. शहर की जिल्हा, जिल्हा तर कोणता तालुका, आणि तेथे केव्हापासून, काही नाही. एका कार्डावर ‘मु. पो.’ एवढे लिहून गावाचे नाव पाण्याने फिसकटलेले होते. त्याखाली रोगाचे नाव मात्र स्पष्ट, निळ्या शाईत, फुफ्फुसाचा कर्करोग, वय ५४. ते कार्ड आम्हाला कोणत्याच तालुक्याच्या रकान्यात टाकता आले नाही. मृत्यूच्या दाखल्यांतही ‘दम लागून’ किंवा ‘वार्धक्याने’ अशी कारणे भरलेली असत. तेव्हापासून कमी दर दिसला की माझा पहिला प्रश्न असतो, तेथे मोजायला कोण गेले होते?

बार्शीचे उदाहरण या दृष्टीने मोलाचे आहे. १९८७ मध्ये तेथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा रुग्ण आपणहून येतील अशी वाट न पाहता कार्यकर्ते बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील साडेतीनशेच्या आसपास गावांत स्वतः फिरले. मुंबईची नोंदणी त्याच्याही आधीची, १९६३ ची. या दोहोंच्या मानाने नाशिकसारख्या, एका बाजूला औद्योगिक वसाहती आणि दुसऱ्या बाजूला सुरगाणा-पेठचे डोंगर असलेल्या जिल्ह्याची अशी मोजणी व्हायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

दर वाचताना वयाचेही भान ठेवावे. हा रोग मुख्यतः पन्नाशीनंतरचा आहे. समजा, एक लाख वस्तीच्या एका तालुक्यात १५ हजार वृद्ध आहेत आणि वर्षाला १५ रुग्ण सापडतात. तेवढ्याच वस्तीच्या दुसऱ्या तालुक्यात ६ हजार वृद्ध आहेत आणि ६ रुग्ण सापडतात. लाखामागे पाहिले तर १५ आणि ६, म्हणजे अडीचपट फरक. प्रत्यक्षात हजार वृद्धांमागे दोन्हीकडे एकच रुग्ण आहे. कोकणातील तरुण मुंबईला गेल्याने मागे म्हातारी माणसे उरलेली गावे आणि अंबडच्या कारखान्यांसाठी आलेल्या तरुण कुटुंबांची वस्ती यांची थेट तुलना केली, तर नेमकी हीच चूक होते. म्हणून नोंदणीतील दर एका ठरावीक वयरचनेच्या मोजपट्टीवर बसवून घेतात. त्यांना वयसमायोजित दर म्हणतात, आणि वर दिलेले सगळे दर तसेच आहेत.

प्रश्न : आमच्या देवळालीत पूर्वी छातीच्या रुग्णांना हवापालटासाठी पाठवत. अशा हवेत फुफ्फुसाचा कर्करोग कमीच असणार ना? (देवळाली कॅम्प येथील वाचक)

उत्तर : देवळालीच्या आरोग्यधामांची कीर्ती खरी आहे, पण ती त्या काळच्या हवेची आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत नाशिकचे नाव होते. बाहेरच्या प्रदूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये निश्चित कर्ककारकांच्या गटात घातले. डिझेलचा धूर त्याच्या आधीच्या वर्षी त्याच गटात गेला होता. आपल्याकडे थंडीच्या सकाळी गोदाकाठी धुक्यासारखे जे साचून राहते, त्यात वाहनांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूरही असतो. तरीही तुलनेचे भान हवे. रोज विडी-सिगारेट ओढणाऱ्याला असलेला धोका शहराच्या हवेमुळे येणाऱ्या धोक्याच्या कितीतरी पट असतो. हवेचा धोका एकट्या माणसापुरता लहान दिसतो. मात्र ती हवा तान्ह्या मुलापासून सगळेच घेतात, म्हणून एकंदर रुग्णसंख्येत तो मोठा होतो.

प्रश्न : मी सिन्नरची आहे. तीस वर्षे विड्या वळल्या, पण कधी ओढली नाही. आमच्या भागात हा रोग जास्त असेल का? मला तो होईल का?

उत्तर : ताई, फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मुख्य कारण जळत्या तंबाखूचा धूर हे आहे, आणि आपण तो ओढलेला नाही, ही आपल्या बाजूची मोठी गोष्ट आहे. विडी वळताना उडणारी तंबाखूची पूड श्वासात जाते आणि हातांच्या कातडीतून निकोटिन शरीरात शिरते. त्याने खोकला, दम, डोळ्यांची आग, मळमळ असे त्रास होतात. सूप मांडीवर घेऊन बंद खोलीत बसण्याऐवजी ओसरीवर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून बसावे. तोंडाला फडके बांधावे, जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि मुले झोपतात त्या खोलीत तंबाखूची पोती ठेवू नयेत.

पण मला आपल्याला एक उलट प्रश्न विचारायचा आहे. घरात कोणी विडी ओढते का? धूम्रपान करणाऱ्या जोडीदारासोबत वर्षानुवर्षे राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या व्यक्तीला या रोगाचा धोका सुमारे २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. आणि विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज पूर्ण चुकीचा आहे. तिच्यात तंबाखू थोडी असते हे खरे, परंतु टेंभुर्णीचे पान हवा आत येऊ देत नाही, त्यामुळे विडी विझू नये म्हणून सारखे आणि खोल झुरके घ्यावे लागतात. त्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटहून अधिक आत जातात. हे आपण घरच्यांना सांगितलेत तर ते ऐकतील. विडीच्या आत काय असते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

प्रश्न : नाशिकरोडच्या आमच्या एकाच गल्लीत तीन वर्षांत चार जणांना कर्करोग झाला. हे पाण्यामुळे, मोबाइलच्या टॉवरमुळे की कारखान्यामुळे?

उत्तर : चार घरांवर आलेली वेळ लक्षात घेता हा प्रश्न मनात येणारच, त्याला वेडगळ म्हणणे अन्यायाचे ठरेल. सारवलेल्या अंगणात मूठभर ज्वारी फेकून पाहा. दाणे सारख्या अंतरावर पडत नाहीत. कोठे चार एकत्र पडतात, तर कोठे वीतभर जागा मोकळी राहते. त्या चार दाण्यांभोवती नंतर खडूने रेघ ओढली तर तेथे काही तरी विशेष आहे असे वाटू लागते. रोगांचेही पुष्कळदा तसेच होते.

तरीही काही गोष्टी वहीत लिहून काढाव्यात. चौघांचा कर्करोग एकाच अवयवाचा आणि एकाच प्रकारचा आहे का? प्रत्येकाचे वय किती, गल्लीत राहायला केव्हा आले, त्याआधी कोठे होते, काम काय करत, तंबाखू घेत का? स्तनाचा एक, तोंडाचा एक, पोटाचा एक आणि फुफ्फुसाचा एक अशी यादी निघाली, तर सामायिक कारण शोधून हाती काही लागण्याची शक्यता फार कमी. याउलट तुर्कस्तानात करैन नावाच्या एका लहान गावात फुफ्फुसाच्या आवरणाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग घराघरांत आढळला. रोग एकच आणि तोही एरवी न दिसणारा असल्यामुळे तपास झाला, आणि तेथील दगडमातीतील एरिओनाइट नावाच्या तंतुमय खनिजाकडे बोट दाखवता आले. आपल्या यादीत एकाच प्रकारचे तीन-चार रुग्ण निघाले, किंवा ते एकाच कारखान्यात कामाला होते असे दिसले, तर ती वही महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी अर्जासह द्यावी आणि अर्जाची पोच घ्यावी.

प्रश्न : पंचवटीतील आमचा वाडा शंभर वर्षांचा, काळ्या दगडाचा आहे. दगडातून कर्करोग करणारा वायू निघतो असे वाचले. वाडा सोडावा काय?

उत्तर : सोडू नये. तो वायू रेडॉन. ज्या दगडात युरेनियमचा अंश अधिक, विशेषतः ग्रॅनाइटच्या प्रदेशात, तो जमिनीतून घरात साचू शकतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात तो नेहमीचा प्रश्न आहे. आपला काळा दगड बेसाल्टचा असून त्यात युरेनियम फार कमी असते. खिडक्या दिवसा उघड्या ठेवाव्यात, एवढे पुरे.

प्रश्न : मी पेठ तालुक्यात आशा म्हणून काम करते. आमच्याकडे खोकला, वजन घटणे, बेडक्यातून रक्त म्हटले की टीबीच समजतात. कर्करोग कधी ओळखायचा?

उत्तर : या पत्राने मला सर्वांत अधिक विचार करायला लावले, कारण जिल्ह्याजिल्ह्यांच्या दरांतील काही फरक येथेच तयार होतो. दोन्ही रोगांची लक्षणे सारखी, एक्स-रेवर दोहोंचा डाग पुष्कळदा सारखा. क्षयाचे रुग्ण आपल्याकडे कितीतरी अधिक असल्याने डॉक्टरांचे मन तिकडे जाते आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असते. जेव्हा चुकते, तेव्हा रुग्णाचे काही महिने जातात, आणि तपासणीवाचून तो दगावला तर कर्करोगाच्या नोंदीतही येत नाही.

आपण काही गोष्टी पाहाव्यात. बेडक्याच्या तपासणीत क्षयाचे जंतू प्रत्यक्ष सापडले आहेत, की केवळ एक्स-रेवरून गोळ्या सुरू झाल्या आहेत, हे कागदावर वाचावे. जंतू सापडले नसतील आणि दोन महिने नियमित गोळ्या घेऊनही वजन वाढत नसेल, खोकला उतरत नसेल, तर गोळ्या मध्येच न थांबवता रुग्णाला जिल्हा रुग्णालयात पाठवून सीटी स्कॅनची आणि गरज पडल्यास गाठीचा तुकडा काढून तपासण्याची विचारणा करावी. वय ४५ च्या पुढे, विडी किंवा चिलीम बरीच वर्षे, आवाज बसलेला, गळ्याच्या बाजूला किंवा हाडावर नवी गाठ, बोटांची टोके फुगीर झालेली, यांपैकी काही दिसले तर दोन महिनेही थांबू नये.

चुलीपुढे आयुष्य गेलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या बायकांनाही यातून वगळू नये. घरातील लाकूडफाट्याच्या धुराला संभाव्य कर्ककारक मानले गेले आहे. गॅसची शेगडी आली तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून भाकरी चुलीवरच होते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. आणि चिठ्ठी लिहून रुग्णाला पाठवाल तेव्हा त्यावर नुसते ‘नाशिक’ लिहू नका. पाडा, गाव, तालुका आणि तेथे किती वर्षांपासून राहतात, हे चारही ठळक अक्षरांत लिहा.